घरात टाइल्स आणि लाकडी फ्लोअरिंग बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराचं काम काढलेल्या लोकांकडून फरशीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. खरेदीच्या वेळी सगळं लक्ष डिझाइनवर आणि भावावर असतं. नंतरच्या तक्रारी मात्र बहुतेक करून खालच्या कोब्यामुळे (फरशीखालच्या सिमेंटच्या थरामुळे), आत अडकलेल्या ओलीमुळे किंवा हालचालीला जागा न सोडल्यामुळे येतात, त्यामुळे उत्तरांतही याच गोष्टींवर भर आहे. हवा बदलली की उत्तर बदलतं, म्हणून जिथे गरज आहे तिथे कोकण आणि विदर्भ वेगळे धरले आहेत.

१. टाइल्स घ्याव्यात की लाकडी फ्लोअरिंग?

स्वयंपाकघर, बाथरूम, बाल्कनी, देवघर आणि बाहेरून पावलं येतात तो दरवाजाजवळचा भाग इथे टाइल्सच. पाणी, तेल, हळद, समईची काजळी आणि रोजचं ओलं फडकं हे सगळं टाइल निमूट सोसते, लाकूड सोसत नाही. बेडरूम, अभ्यासिका, घरातला नाचाचा किंवा व्यायामाचा कोपरा इथे लाकूड छान वाटतं. पायाला गार लागत नाही. तळमजला असेल, भिंतींना खालून ओल येत असेल, तर खोली कितीही आवडती असली तरी लाकडाचा विचार आधी ओल थांबवल्यावरच करावा.

२. सिरॅमिक, व्हिट्रिफाइड, डबल चार्ज, जीव्हीटी... नक्की फरक काय?

मुख्य फरक पाणी शोषण्यात आहे. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी पाणी पिते. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर पिऊ शकते. म्हणून सिरॅमिक भिंतीला आणि व्हिट्रिफाइड जमिनीला, असं ढोबळ गणित. डबल चार्जमध्ये रंगाचा थर दोन-तीन मिलिमीटर खोल असतो, त्यामुळे वर्दळीच्या हॉलला तो बरा. जीव्हीटीमध्ये (ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड टाइल) नक्षी छापून वर ग्लेझ देतात; डिझाइन भरपूर मिळतात, पण खोल ओरखडा गेला तर आतला रंग दिसतो. बाजारातला बहुतेक माल गुजरातच्या मोरबीहून येतो. नाव कुठलंही असो, बॉक्सवर आयएस १५६२२ हा मानक क्रमांक आहे का ते पाहा.

३. दुकानदार 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून लॅमिनेट दाखवतोय. ते लाकूडच ना?

'वुडन' या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात. सॉलिड म्हणजे अखंड लाकडाची १८ ते २० मिमीची पट्टी. इंजिनिअर्ड म्हणजे वर दोन ते चार मिमी खरं लाकूड आणि खाली आडवे-उभे चिकटवलेले प्लायचे थर. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या बोर्डावर लाकडाचा छापील कागद आणि वर कडक थर. एसपीसी म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लास्टिक, त्यात लाकूड नसतं. पट्टीची कडा उलटून पाहिली की लगेच कळतं. सॉलिड आणि जाड थराचं इंजिनिअर्ड पुन्हा घासून पॉलिश करता येतं, बाकीचं नाही. लॅमिनेटच्या सांध्यात पाणी मुरलं की कडा फुगतात आणि त्या परत बसत नाहीत.

महाराष्ट्रातल्या हवेसाठी माझी पसंती इंजिनिअर्डला आहे. ज्यांना अखंड लाकूडच हवं आहे, त्यांनी साग घ्यावा. आपल्याकडे बल्लारशा-आलापल्लीचा साग नावाजलेला आहे. सागच का, ते प्रश्न १२ मध्ये.

४. दहा बाय बाराच्या खोलीला टाइल्सचे किती बॉक्स लागतील?

दोन बाय दोनची टाइल प्रत्यक्षात ६०० मिमीची, म्हणजे दोन फुटांना थोडी कमी असते. चार टाइल्सचा बॉक्स १६ चौरस फूट धरतात, भरतो १५.५. इथेच हिशोब चुकतो आणि काम अर्ध्यावर असताना माणूस दुकानात धावतो.

खोली १२० चौरस फूट. सरळ मांडणीला सात टक्के तूट धरली तर साधारण १२८, म्हणजे नऊ बॉक्स. स्कर्टिंगला (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला) दाराची जागा सोडून सुमारे ४१ धावते फूट लागतात. एका टाइलमधून चार इंची पाच पट्ट्या निघतात, त्यामुळे आणखी एक बॉक्स आणि उरलेले तुकडे यांत ते भागतं. अकरावा बॉक्स माळ्यावर ठेवायला घ्या. उद्या पाइप फुटून चार टाइल्स काढाव्या लागल्या, तर तोच शेड पुन्हा मिळत नाही. तिरकी मांडणी असेल तर तूट दहा ते पंधरा टक्के धरा. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर माल उतरवतानाच जुळवून घ्या. टाइल बसल्यावर कोणी बदलून देत नाही.

५. आमचे मिस्त्री म्हणतात, अ‍ॅडहेसिव्ह कशाला, सिमेंटवरच पक्कं बसतं. खरं काय?

मिस्त्रींचा अनुभव खोटा नाही, तो वेगळ्या फरशीचा आहे. शहाबादी, कोटा, मोझेक, जुनी सिरॅमिक या सगळ्या फरशा पाणी पितात. सिमेंटचा घोळ त्यांच्या पाठीच्या छिद्रांत शिरतो आणि तिथे घट्ट होतो. व्हिट्रिफाइडच्या पाठीत शिरायला जागाच नाही. म्हणून दोन-तीन वर्षांनी टाइल उचलली तर ती खालच्या मसाल्यापासून स्वच्छ सुटून येते, पाठीवर सिमेंटचा कणही नसतो.

अ‍ॅडहेसिव्हमधलं पॉलिमर या गुळगुळीत पाठीला धरतं. त्यासाठीचा मानक आयएस १५४७७. व्हिट्रिफाइडला किमान टाइप २, मोठ्या मापाला किंवा टाइलवर टाइल बसवताना टाइप ३. खालचा कोबा मात्र आधी करून, वाळवून, सपाट करून घ्यावा लागतो, कारण अ‍ॅडहेसिव्हचा थर तीन ते सहा मिमीचाच असतो. खड्डे भरायला तो वापरायचा नसतो.

काम पाहायला उभे राहाल तेव्हा हे बघा. मिस्त्री दातेरी थापी एकाच दिशेने ओढतो का? मध्ये पाच गोळे ठेवून वर टाइल दाबत असेल तर तिथेच थांबवा. गोळ्यांच्या मधली जागा पोकळ राहते आणि जड पलंगाचा पाय नेमका तिथे येतो. दोन बाय चारच्या टाइलला पाठीवरही पातळ हात फिरवायचा असतो. बसवल्यावर एखादी टाइल लगेच उचलून पाहायला सांगा: कोरड्या खोलीत पाठीचा किमान ८० टक्के भाग, बाथरूममध्ये ९५ टक्के भाग भरलेला दिसला पाहिजे. आणखी एक, अ‍ॅडहेसिव्ह लावण्याआधी टाइल पाण्यात भिजवायची नाही आणि नंतर फरशीवर पाणी मारून क्युरिंगही करायचं नाही. ते सिमेंटच्या मसाल्यासाठी.

६. जॉइंट दिसले की घाण वाटतं. टाइलला टाइल चिकटवून लावली तर चालेल?

नाही. हा हट्ट सोडाच, अशी कळकळीची विनंती आहे.

दोन टाइल्सच्या मापात अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक असतोच. फट नसेल तर तो पुढे पुढे साठत जातो आणि खोलीच्या टोकाला ओळ गुण्यातून सुटते. त्याहून मोठं कारण असं की स्लॅब आणि टाइल्स ऋतूप्रमाणे कमी-जास्त होत राहतात आणि त्यांना सरकायला जागा लागते. स्पेसर घालून दोन ते तीन मिमी फट ठेवा आणि ती टाइलच्या रंगाच्या ग्राउटने (सांधे भरायच्या मसाल्याने) चोवीस तासांनी भरा. चार फुटांवरून ती दिसत नाही. भिंतीच्या कडेने पाच-सहा मिमी मोकळे ठेवा, ते स्कर्टिंगखाली झाकले जातात. या कडेच्या फटीत सिमेंट भरायचं नाही. मिस्त्री सवयीने भरतात, त्यामुळे आधीच सांगून ठेवा.

७. जानेवारीत मध्यरात्री मोठा आवाज झाला आणि हॉलच्या मधल्या टाइल्स तंबूसारख्या उचलल्या गेल्या. भूकंप झाला का? इमारतीला धोका आहे का?

थंडीच्या दिवसांत हा प्रश्न हमखास येतो आणि लोक खरोखर घाबरलेले असतात. बहुतेक वेळा इमारतीला काही झालेलं नसतं. नवा स्लॅब पुढची काही वर्षं वाळताना थोडा थोडा आकसतो, आणि थंडी पडली की काँक्रीट टाइलपेक्षा जास्त आकसतं. वरच्या टाइल्स मग चारी बाजूंनी दाबल्या जातात. मधे फट असेल तर दाब तिथे जिरतो. फट नसेल आणि चिकटही कच्ची असेल, तर जिथे पकड सर्वांत कमी तिथून ओळच्या ओळ उचलते. आवाज होतो तो साठलेला दाब एकदम सुटल्यामुळे.

उचललेल्या टाइल्सवर चालू नका, कडा सुरीसारख्या असतात. लहान मुलं आणि वयस्कर माणसं यांना त्या खोलीपासून दूर ठेवा. सगळ्या खोलीत नाण्याने ठोकून पोकळ भाग खडूने आखा (प्रश्न ८). तुटलेल्या टाइल्स काढून त्याच जागी पुन्हा घट्ट बसवल्या तर पुढच्या थंडीत शेजारची ओळ उठते. दुरुस्तीत भिंतीकडची फट मोकळी करणं सगळ्यांत महत्त्वाचं. स्लॅबलाच भेग दिसली किंवा खालच्या घरातल्या सिलिंगला तडा गेला असेल, तर मात्र सोसायटीमार्फत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

८. टाइल ठोकली की पोकळ आवाज येतो. सगळी काढायला लावू?

आवाज कुठे येतो ते महत्त्वाचं. मध्यभागी तळहाताएवढा भाग पोकळ आणि कडा भरीव असतील तर कोरड्या खोलीत ती टाइल वर्षानुवर्षं राहते. कोपरे पोकळ असतील, टाइलवर पाय दिल्यावर हलत असेल किंवा ग्राउट सुटून भुगा येत असेल, तर बदलून घ्या. बाथरूममध्ये आणि जिन्याच्या पायरीच्या कडेला पोकळपणा खपवून घेऊ नये. मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देण्याआधी ही तपासणी करा. टाइल हिशोबानंतर सुटली तर मिस्त्री फोन उचलेलच असं नाही.

९. खालचा कोबा ठीक आहे हे मला, घरमालकाला, कसं कळणार?

दहा फुटांची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर सगळ्या दिशांनी फिरवा आणि खालून उजेड कुठे दिसतो ते पाहा. मोठ्या टाइल्ससाठी खळगा तीन मिमीहून, लाकडासाठी पाच मिमीहून जास्त नसावा. नखाने किंवा किल्लीने खरवडल्यावर वाळू सुटत असेल तर तो कोबा कच्चा आहे, वर काहीही लावलं तरी ते त्याच्यासकट उखडेल. भेगा, तेलाचे डाग, रंगाचे थेंब आधी काढून घ्या.

१०. बाथरूमच्या टाइल्स बदलायच्या आहेत. खालच्या मजल्यावर गळती होऊ नये म्हणून काय करू?

टाइल्स आणि ग्राउट पाणी अडवत नाहीत, हे आधी मनात पक्कं करा. पाणी अडवतो तो खालचा वॉटरप्रूफिंगचा थर. जुन्या टाइल्स फोडताना तो जखमी होतोच, म्हणून नवा करणं भाग आहे. कोपऱ्यांत गोलाईचा वाटा काढून थर भिंतीवर किमान एक फूट, शॉवरकडे सहा-सात फूट चढवावा. मग ट्रॅपला बूच मारून ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या शेजाऱ्यांच्या घरी जाऊन सिलिंग पाहून या. ही चाचणी टाइल्स बसण्याआधी करायची.

ढाळ दर मीटरला दहा-बारा मिमी. पाच फुटांच्या बाथरूममध्ये साधारण १५ ते १८ मिमी उतार आला पाहिजे. काम संपल्यावर बादलीभर पाणी ओता, कोपऱ्यात डबकं राहिलं तर त्याच दिवशी बोला. जमिनीला एक बाय एकची मॅट टाइल घ्या: लहान माप ढाळाला नीट वळतं आणि जास्त सांध्यांमुळे पाय घसरत नाही. इथे इपॉक्सी ग्राउट महाग पडला तरी घ्यावा. ॲसिडने बाथरूम धुण्याची सवय असेल तर ती सोडा, सिमेंटचा ग्राउट त्याने विरघळत जातो.

११. जुनी मोझेक फरशी न फोडता वरच टाइल्स लावता येतात का? धूळ आणि डेब्रिज नको आहे.

येतात, आणि अनेकदा तेच शहाणपणाचं असतं. अट एवढीच की जुनी फरशी ठाम हवी. ठोकून पोकळ निघालेले तुकडे काढून भरून घ्या, मेणाचं पॉलिश घासून उतरवा आणि टाइप ३ अ‍ॅडहेसिव्ह वापरा. दहा मिमी टाइल आणि पाच मिमी अ‍ॅडहेसिव्ह मिळून चौरस मीटरला सुमारे ३० किलो वजन वाढतं. घरांचे स्लॅब सामान्यतः माणसं आणि सामानासाठी चौरस मीटरला २०० किलो धरून आखतात, त्या मानाने हे चालतं. तेच ५० मिमी सिमेंटच्या मसाल्यावर केलं तर वाढ १२० किलोच्या घरात जाते. ते करू नका. आधीच दोन थर असतील तर तिसरा चढवू नका.

पातळी दीड सेंटिमीटरने वाढते, त्यामुळे दारं खालून कापावी लागतात. मुख्य दरवाजा, बाल्कनीचा उंबरठा आणि स्वयंपाकघरातला सिलिंडरचा कप्पा आधी मोजा. बाथरूममध्ये मात्र हा मार्ग धरू नये (प्रश्न १०).

आणि मोझेक चांगली असेल तर ती ठेवण्याचाही विचार करा. घासून पॉलिश केलेली जुनी मोझेक फरशी आजच्या कित्येक टाइल्सपेक्षा देखणी दिसते.

१२. आम्ही रत्नागिरीत राहतो. पावसाळ्यात लाकडी फ्लोअरिंग खरंच फुगतं का?

फुगतं. हवेत ८५ टक्के आर्द्रता टिकून राहिली तर लाकडातला ओलावा हळूहळू १७-१८ टक्क्यांकडे जातो. ३० टक्के आर्द्रतेत तो सहाच्या आसपास येतो. कोकणातला जुलै आणि विदर्भातला एप्रिल यांत एवढं अंतर आहे.

त्याचं माप असं. सपाट चिरलेल्या सागाच्या पट्ट्या दहा फूट रुंदीत मांडल्या आणि ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर मोकळी सोडलेली जमीन रुंदीत दोन सेंटिमीटरहून जास्त वाढू पाहते. ओकची पट्टी जवळपास दुप्पट वाढते. म्हणून भिंतीपाशी प्रत्येक बाजूला दहा-बारा मिमी फट, आणि म्हणून अखंड लाकडात सागाला पहिला मान. कोकणात सॉलिड ओक सुचवणाऱ्याला हा हिशोब विचारा.

काम जून ते सप्टेंबरमध्ये काढू नका, आणि भर उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवसांतही नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. बॉक्स आल्यावर ते त्याच खोलीत आडवे ठेवा, इंजिनिअर्ड दोन-तीन दिवस, सॉलिड किमान आठवडाभर. भिंतींचा रंग, पीओपी, खिडक्यांच्या काचा हे सगळं आधी झालेलं हवं. विदर्भात उलट होतं: पावसाळ्यानंतर लावलेल्या पट्ट्यांत एप्रिलमध्ये फटी दिसतात. पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या बारीक फटी पाऊस आला की मिटतात, त्यांत लांबी (पुट्टी) भरू नका.

१३. नवीन कोबा टाकलाय. त्यावर लाकूड कधी लावायचं?

दर इंच जाडीला साधारण एक महिना. दोन इंचांचा कोबा दोन महिने, पावसाळ्यात त्याहून जास्त. वरून कोरडा दिसतो म्हणून फसू नका. दोन बाय दोन फुटांचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने बंद करून एक दिवस ठेवा. खाली थेंब दिसले किंवा जमीन गडद झाली तर थांबा. चांगला कॉन्ट्रॅक्टर ओलावामापक घेऊन येतो: रुंद पट्टी आणि तिच्याखालचा प्लाय (प्रश्न १४) यांच्या ओलाव्यात दोन टक्क्यांहून जास्त फरक नसावा.

१४. पट्ट्या तरंगत्या ठेवायच्या, चिकटवायच्या की खिळ्यांनी ठोकायच्या?

लॅमिनेट आणि लॉकवालं इंजिनिअर्ड फोमवर तरंगतं ठेवतात. काम लवकर होतं, पाऊल टाकल्यावर किंचित पोकळ आवाज येतो. इंजिनिअर्ड चिकटवलं तर पायाला भरीव लागतं, पण कोबा अगदी कोरडा हवा. सॉलिडला खाली पाण्याला टिकणारा १८ मिमी प्लाय आणि पट्टीच्या कडेला काढलेल्या जिभेतून तिरका खिळा. प्लायला वाळवीचं औषध आधी मारून घ्या. तरंगत्या जमिनीवर भिंतीला खिळवलेलं जड कपाट ठेवू नका, ती एका बाजूने अडकते आणि दुसरीकडे उठते. स्वयंपाकघराचे खण आधी बसवून पट्ट्या त्यांच्यापाशी थांबवणं योग्य.

१५. हॉलमध्ये टाइल्स, बेडरूममध्ये लाकूड. दारात पायरी येऊ नये म्हणून?

उंची कोब्याच्या वेळीच ठरवा. टाइल दहा आणि अ‍ॅडहेसिव्ह पाच, एकूण पंधरा मिमी. इंजिनिअर्ड चौदा आणि फोम दोन, एकूण सोळा. हे जुळतं. सॉलिड अठरा आणि प्लाय अठरा म्हटलं की छत्तीस होतात, मग बेडरूमचा कोबा दोन सेंटिमीटर खाली ठेवावा लागतो. सांधा दार लावल्यावर दाराच्या जाडीखाली येईल असा घ्या आणि मधे टी आकाराची पट्टी बसवा, तिच्याखाली लाकडाला सरकायला जागा सोडून.

१६. दोन बाय चारच्या टाइल्स विटांच्या बांधणीसारख्या अर्ध्यावर लावल्या तर कडा वर-खाली लागतात. मिस्त्री चुकला का?

बहुधा नाही. लांब टाइल भट्टीतून निघताना मधे किंचित फुगीर असते. अर्ध्यावर मांडली की एकीचा सर्वांत उंच भाग दुसरीच्या सर्वांत खालच्या टोकाला भिडतो. लांब टाइल एक तृतीयांशाहून जास्त सरकवू नये. लेव्हलिंग क्लिपा मदत करतात, पण टाइलचा बाक त्या काढत नाहीत.

१७. कामवाल्या मावशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. लाकडावर चालेल?

फडकं घट्ट पिळलेलं, जवळजवळ कोरडं हवं. बादली लाकडावर ठेवायची नाही. फिनाइल आणि सोडा नको. कुंड्या, माठ, ओल्या छत्र्या टाइलच्या भागात ठेवा.

१८. आमचा जुना वाडा आहे, वरचा मजला कडीपाटाचा. लाकडी पाट किडलेत, वर टाइल्स लावू का?

पाट किडले असतील तर आधी सुताराला बोलवा. कड्या टोकांना, भिंतीत शिरतात तिथे, टोचून पाहायला सांगा. वाळवी आणि कूज तिथेच लपलेली असते. कड्या ठणठणीत असल्या तरी टाइल्ससाठी त्यांचा झोक (वजनाने मध्ये लवणं) लांबीच्या ३६० व्या भागाहून कमी हवा, म्हणजे दहा फुटांच्या कडीला साधारण आठ मिमी. जुना माळा चालताना याहून जास्त लवतो, आणि ग्राउटला भेगा पडत राहतात. त्यावर सिमेंटचा मसाला ओतणं तर धोक्याचंच आहे: वजन कड्यांवर येतं आणि ओल लाकडात उतरते. इथे किडलेले पाट बदलून सागाचे नवे पाट घालणं, तेही खालून हवा खेळती ठेवून, हाच मला योग्य मार्ग वाटतो. वरच्या मजल्यावर बाथरूम हवंच असेल, तर ते कडीपाटावर न करता त्यासाठी स्वतंत्र लोखंडी आधार उभा करायचा की नाही, हे इंजिनिअरकडून जागेवर पाहूनच ठरवा.